ठकीची पाठ

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, धंद्याने फोटोग्राफर होते, पण लग्नाकार्याचे फोटो त्यांनी कधी काढले नाहीत. त्यांचं सगळं आयुष्य ओळखपत्राच्या फोटोंत गेलं. सरकारी कचेरीसमोर एक अरुंद खोली, भिंतीवर पांढरा पडदा, त्यापुढे डुगडुगणारं स्टूल आणि कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती बांगडीसारखा बसवलेला गोल फ्लॅश. या फ्लॅशचा उजेड चहूबाजूंनी सारखाच पडतो, त्यामुळे नाकाखाली, हनुवटीखाली, कुठेच सावली राहत नाही. कचेरीचा नियमच तसा होता. चेहऱ्यावर सावली दिसली की फोटो परत, आणि फोटो परत आला की गिऱ्हाईक भावोजींच्या डोक्यावर बसायचं. म्हणून सावलीशी त्यांचं हाडवैर. जेवताना ताटावर सावली पडली तर तुम्ही भाजीही परत पाठवाल, असं मी त्यांना चिडवायचे. मेहुणीच्या बोलण्याचा राग धरणाऱ्यांतले ते नव्हते, हसून सोडून द्यायचे.

ताई दुकानात फोटो कापायला बसायची. तिला ते फोटो मनापासून कधी आवडले नाहीत. यांच्या फोटोत माणसं परातीसारखी सपाट दिसतात, असं ती गिऱ्हाइकांसमोरसुद्धा म्हणायची. भावोजी म्हणायचे, सपाट तर सपाट, पास होतात ना.

पंचेचाळिशी उलटल्यावर या माणसाला पाण्याचं वेड लागलं. जहाजांचे तळ खरवडणारा एक पाणबुड्या फोटो काढायला दुकानात आला, गप्पा लागल्या, आणि पुढच्याच रविवारी भावोजी पाठीवर हवेची टाकी बांधून बंदराच्या पाण्यात. या वयात हे नसते डोहाळे कशाला, असं घरात सगळ्यांनी विचारून पाहिलं. ताईने मात्र काही विचारलं नाही. ती धक्क्यावर टॉवेल घेऊन बसायची.

आधी ते नुसतेच बुडी मारून यायचे. मग कॅमेरा घेऊन जायला लागले, आणि कॅमेऱ्याबरोबर ती बांगडीही पाण्यात गेली, जलाभेद्य पेटीत बसून. त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. नखाएवढ्या जिवाचा फोटो घ्यायचा तर भिंग त्याच्या अंगाला टेकवण्याइतकं जवळ न्यावं लागतं. मग बाजूला लावलेल्या दिव्यांचा उजेड मधल्या फटीत नीट शिरतच नाही. भिंगाच्याच तोंडाभोवती दिवा असला की काम फत्ते. त्यांचे फोटो पाहून पाणबुड्या म्हणाला होता, मी इतकी वर्षं पाण्यात आहे, पण हे काही पाहिलं नव्हतं.

जुन्या धक्क्याखालच्या दगडांवर त्यांना ठकी सापडली. कवच नसलेली समुद्री गोगलगाय, तांदळाच्या दाण्याएवढी, पांढरीशुभ्र, कडेने नारिंगी काठ आणि पाठीवर पिवळे ठिपके. ठकी हे नाव ताईचं. अशा पांढऱ्या गोगलगायी त्या किनाऱ्यावर पुष्कळ, पण भावोजी पहिल्या दिवसापासून म्हणत होते की ही वेगळी आहे. हिच्या पाठीवरचे ते नुसते ठिपके नाहीत, पुटकुळ्या आहेत, अगदी वर उठलेल्या, मी डोळ्यांनी पाहिल्यात. त्या एका दगडाखेरीज तशी गोगलगाय त्यांना दुसरीकडे कुठेही दिसली नाही. आयुष्यभर मी लोकांची ओळख पटवून दिली, ते मला एकदा म्हणाले, आता एकीची तरी नवी ओळख माझ्यामुळे व्हावी. एरवी स्वतःसाठी काही मागणारा माणूस नव्हता तो. एवढंच एक मागितलं.

एका रविवारी फ्लॅशच्या पेटीत पाणी शिरलं आणि बांगडीची डावी बाजू बंद पडली. उजेड पडला तो फक्त उजवीकडून. संध्याकाळी दुकानातल्या कॉम्प्युटरवर फोटो उघडले तेव्हा ताई आणि मी मागेच उभ्या होतो. अर्धी ठकी अंधारात होती. पण उरलेल्या अर्ध्या पाठीवर प्रत्येक ठिपक्याला आपली सावली पडली होती, आणि पाठ कशी उठून, उभी राहून दिसत होती. मला कौतुक वाटलं, पण त्यातलं मला काय कळतंय म्हणून मी गप्प बसले.

ताई बोलली. "अहो, हा राहू द्या. यात ती जिवंत वाटते."

"सावली आहे," भावोजी म्हणाले, आणि त्यांनी सगळे फोटो पुसून टाकले. चिडून नव्हे, वाईट वाटूनही नव्हे. रोज दुकानात जसे पुसायचे तसेच पुसले. मग कॅमेऱ्यातलं कार्डही कोरं केलं, कारण सकाळी गिऱ्हाइकांसाठी तेच लागायचं.

फ्लॅश दुरुस्त झाला आणि ते पुन्हा स्वच्छ फोटो काढू लागले. संग्रहालयात समुद्री जिवांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना फोटो पाठवा म्हणून पाणबुड्या मागे लागला होता. भावोजी म्हणायचे, एकही खोट नसलेले पाच फोटो जमू देत, मग पाठवू. त्या पाचांच्या नादात दोन वर्षं गेली. तेवढ्यात धक्का रुंद करायचं काम निघालं. पाण्यात डंपरच्या डंपर दगड पडले, वरून काँक्रीट ओतलं गेलं, आणि ठकीचा दगड त्याखाली कुठे गेला कोण जाणे.

मग मात्र त्यांनी घाईघाईने फोटो पाठवले. बाई भल्या होत्या, त्यांनी स्वतः फोन केला. फोटो फारच सुंदर आहेत म्हणाल्या. मग म्हणाल्या, हिची पाठ खरंच उंचसखल असेल तर ही नेहमीची गोगलगाय नव्हे, आजवर कुणी नोंदवलेलीच नाही. पण तुमच्या फोटोंत पाठ गुळगुळीत दिसते. ठिपके नुसते रंगाचे आहेत की वर आलेले, ते यातून सांगता येत नाही. एका बाजूने उजेड पडलेला, सावली असलेला एखादा फोटो आहे का?

भावोजींनी फोन ताईच्या हातात दिला आणि स्टुलावर बसले, गिऱ्हाईक बसतं त्या जागी.

कॉम्प्युटरवाल्यांना दाखवून झालं. पुसलेलं पुष्कळ वेळा परत मिळतं म्हणाले, पण त्या कार्डावर दोन वर्षं रोज नवी तोंडं भरली जात होती. काही मिळालं नाही. पुढचा अख्खा हंगाम भावोजी किनाऱ्यावरचा एकेक खडक धुंडाळत राहिले. या वेळी हातात एकच टॉर्च, तोही बाजूला धरलेला. पांढऱ्या गोगलगायी खूप भेटल्या. साऱ्या गुळगुळीत पाठीच्या.

मग बाईंचा पुन्हा फोन आला. संग्रहालयाच्या दालनात एक मोठा फोटो लावायचा होता आणि त्यांना भावोजींचाच हवा होता. खाली नाव मात्र नेहमीच्या गोगलगायीचं येणार होतं, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. ताई भडकली. देऊ नका म्हणाली, ते खोटं आहे. मलाही तसंच वाटलं, आणि मी तसं बोललेही.

तिसऱ्या दिवशी भावोजी म्हणाले, "देतो. तिचं दुसरं काही उरलेलं नाही माझ्याकडे. नाव चुकीचं तर चुकीचं, निदान दिसेल तरी."

दालन उघडलं त्या दिवशी आम्ही तिघं गेलो. तांदळाएवढी ठकी भिंतीवर दाराएवढी झाली होती, नारिंगी काठ लखलखत होता, आणि पाठ ताटासारखी सपाट. खाली दुसरीचं नाव, त्याखाली भावोजींचं. लोक थांबून पाहत होते. काय स्वच्छ फोटो आहे, असं एका गृहस्थांनी भावोजींनाच ऐकवलं. भावोजींनी मान हलवली. माणसाचा सगळ्यात मोठा गुणच त्याच्या आड यावा, याइतकं वाईट मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

गर्दी पांगल्यावर ते ताईजवळ सरकले.

"तो सावलीचा फोटो तू नीट पाहिला होतास," ते म्हणाले. "कशा होत्या गं पुटकुळ्या? टोकदार होत्या, की गोलसर?"

ताईने डोळे मिटून आठवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नाही सांगता येत," ती म्हणाली. "तुम्ही फार लवकर पुसलंत."