वरचे दोन मजले

मी सुतार. लोकांच्या घरात महिनोन्‌महिने ठाण मांडून बसायचं, पण त्यांच्या भानगडीत नाक खुपसायचं नाही, हा माझा नियम. कटरमामांच्या घरी मी तो मोडला, आणि तोही उशिरा. त्याचा राग अजून आहे. कोणावर आहे ते विचारू नका.

मामा शर्टांच्या कारखान्यात कटर होते. कागदावर माप यायचं, त्या मापानं कापड कापायचं आणि पुढे सारायचं. चाळीस वर्षं हेच केलं. तो शर्ट घालणारा माणूस त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नाही. लग्नबिग्न केलं नाही. बहीण गेली तेव्हा तिची पाच वर्षांची पोर घरी आणली, भाड्याच्या दोन खोल्यांत वाढवली, शिकवली, लग्न लावून दिलं. निवृत्त झाले आणि जन्मभराची पुंजी ओतून हे जुनं घर घेतलं. तीन मजली, अरुंद, दोन्हीकडून शेजाऱ्यांच्या भिंतींत दाबलेलं, दार उघडलं की पाय थेट रस्त्यावर.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "मामा, मागच्या भिंतीला ओल आहे, जिना वाळवीनं खाल्लाय, वरच्या तुळया कुजल्यात. एकट्या माणसाला ही ब्याद कशाला?"

"एकट्याला कशी? खाली मी. वरचे दोन मजले भाचीचे. ती, जावई आणि दोन पोरं."

"ताई काय म्हणतात?"

"तिला माहीत नाही अजून. पूर्ण झालं की दाखवीन."

मी कपाळावर हात मारला. "अहो, शिंपीसुद्धा आधी घालून बघायला सांगतो!"

"मी शिंपी नाही, कटर आहे," मामा शांतपणे म्हणाले. "आमच्याकडे घालून बघणं नसतं."

झालं. कामाला लागलो. गळ्यात कापडी टेप अडकवून मामा सगळीकडे हजर. एकदा दारांची मापं स्वतः देतो म्हणाले. दिली. मी दारं बनवली आणि चौकटीत एकही बसेना! मामांनी प्रत्येक बाजूला अर्धा इंच जादा धरलेला, शिलाईत जाईल म्हणून. "मामा, हे लाकूड आहे, पायजमा नाही!" मी ओरडलो. दोन दिवस रंधा मारून माझे खांदे भरून आले. मामा मात्र असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. त्या घरात एवढं हसू मी पुन्हा ऐकलं नाही.

भाचीची मापं मात्र तोंडपाठ. स्वयंपाकाच्या ओट्याची उंची सांगितली ती इंचाच्या पावापर्यंत. मी म्हटलं, नेहमीची उंची ठेवू, तर म्हणाले, "ती वाकून काम करते आणि मग पाठ धरते. तिच्या कंबरेचं माप मला ठाऊक आहे." जिन्याला दोन कठडे लावून घेतले, एक मोठ्यांच्या हाताला, एक पोरांच्या.

जेवायला मामा पायरीवर बसायचे. भाचीचा फोन रविवारी यायचा. पाच मिनिटं बोलणं. "बरा आहे. तू कशी आहेस? ठेवतो मग." बस्स. मी समोर बसलेला. वाटायचं, हिसकावून घ्यावा तो फोन. संध्याकाळी मी अवजारं आवरायला लागलो की यांना काहीतरी आठवायचं. "मिस्त्री, ही खिडकी वाजते का हो जरा?" खिडकी वाजत नसायची. मी दोन-तीनदा पाहिली, मग चिडून म्हटलं, "मामा, तुमचे कान वाजतात!" त्यानंतर त्यांनी थांबवलं नाही. मला थांबवण्यासाठीच ती खिडकी होती, हे घरी गेल्यावर कळलं आणि जेवण गेलं नाही.

आठव्या महिन्यात घर तयार झालं. रविवारी सकाळी भाची आली, एकटीच. मी मुद्दाम थांबलो, बिजागऱ्यांना तेल द्यायचं निमित्त करून. ती सगळीकडे फिरली. ओट्याशी उभी राहिली, हात टेकले आणि म्हणाली, "किती छान झालंय, मामा! वरती कोणी भाडेकरू बघितलेत का?"

मामा म्हणाले, "बघतोय."

माझा संयम सुटला. "कसले भाडेकरू! ताई, हे तुमच्यासाठी आहे सगळं. हा ओटा तुमच्या मापाचा आहे. तो छोटा कठडा तुमच्या पोरांचा!"

तिनं ओट्यावरून हात उचलले. मग मामांकडे वळली. "मला वाटायचं, तुम्ही सुटलात एकदाचे. माझं लग्न झालं आणि तुम्हाला तुमचं आयुष्य मिळालं. सात वर्षांत तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, ये राहायला." ती एक पाऊल जवळ आली. "आता म्हणा ना."

मामा जमिनीकडे बघत होते. ती वाट बघत होती. मीही. शेवटी ते म्हणाले, "पोरांची शाळा तिकडेच आहे ना? मग तिकडेच बरं."

ती डोळे पुसत गेली. मी दार लावलं आणि मामांवर तुटून पडलो. "एक शब्द! एक शब्द बोलला असतात तर ती आली असती!"

"म्हणूनच नाही बोललो," मामा म्हणाले. "मी तिला वाढवलंय, मिस्त्री. मी ये म्हटलं तर तिला नाही म्हणताच येणार नाही. तसं आणून काय करू?"

"अहो, तिला नाही म्हणायचंच नव्हतं! दिसत नव्हतं तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरंच दिसलं नव्हतं. मी सांगितल्यावर आत्ता कुठे दिसायला लागलं होतं. ते लगबगीनं दाराकडे गेले, दार उघडलं, रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. ती केव्हाच गेली होती.

"फोन करा," मी म्हटलं.

मामांनी फोन काढला, हातात धरला आणि विचारलं, "काय म्हणू हो?"