फाल्चाचा बाप

नासारियाच्या पोटात दुखायला लागलं ते धाकट्या जावेच्या लग्नापासून, आणि मग ते कधी थांबलंच नाही. तुक्सापाताच्या पठारावर औषधी पाल्याला तोटा नाही, पण या दुखण्यावर पाला नव्हता. सासूने, मेल्चोराबाईने, दोन्ही सुनांना आपल्या कळपातली सारखीच जनावरं वाटून दिली होती. दोघींची दगडी कुंपणं समोरासमोर, मध्ये ओढा. चारा तोच, पाणी तेच, गारा पडल्या तर दोघींवर सारख्याच पडत. तरी काही वर्षांत धाकटीच्या, म्हणजे तेओफिलाच्या, कुंपणात लांब मानेचे, लोकरीने भरलेले पांढरेशुभ्र अल्पाका दाटीवाटीने उभे राहू लागले, आणि नासारियाकडे मात्र तेच तपकिरी, काळपट, ठिपक्यांचे. लोकर घेणारा व्यापारी आला की आधी ओढ्यापलीकडे जाई. तिथे तो मांडी घालून बसे, लोकर बोटांत खेळवी, मक्याची आंबवलेली चिचाही पिई. इकडे आला की उभ्याउभ्याच म्हणे, "रंगीत आहे."

नासारियाचा नवरा गुमेर्सिंदो हा देवमाणूस. देवमाणसाशी संसार करणं किती अवघड असतं ते नासारियाला विचारावं. तो म्हणे, रंगीत तर रंगीत, ऊब तेवढीच लागते. अशा माणसाशी कुणाची चहाडी करायचीही सोय नसते.

तेओफिलाच्या भरभराटीचं मूळ होतं तिचा नर, रुंतू. रुंतू म्हणजे अंडं, आणि होताही तो तसाच, कुठे डाग नाही. आई मेलेलं ते पिल्लू तेओफिलाने आपल्या शालीत गुंडाळून, बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. आता तो मान ताठ करून कुंपणात फिरायचा तेव्हा नासारिया ओढ्याअलीकडून तोंड फिरवायची, आणि पुन्हा बघायची. तिचा स्वतःचा नर पाउकार म्हातारा झाला होता. दात पडलेले, गुडघे गेलेले. हंगामात त्याला मादीवर बसवलं की तो काम अर्धवट टाकून तिथेच डुलक्या घ्यायचा.

तेओफिला वाईट असती तर नासारियाला फार सोपं गेलं असतं. पण ती हळू बोलायची, हसून बोलायची, राग यावा असं काही करायचीच नाही, आणि हीच तिची सगळ्यात मोठी खोड होती. एका कार्निव्हलला ती ओढा ओलांडून आली आणि म्हणाली, "जाऊबाई, या हंगामात रुंतूला घेऊन जा. तुमच्या माद्यांना लावून घ्या. आपल्यात काय विचारायचं?"

"आमचा पाउकार अजून मेला नाही," नासारिया म्हणाली.

तेओफिला परत गेली. गुमेर्सिंदोने कपाळाला हात लावला. घरी चालत आलेला नर कुणी परत पाठवतं का, असं तो दिवसभर भिंतीला विचारत होता. पण नासारियाला ठाऊक होतं, रुंतू दारात आला असता तर जन्मभर प्रत्येक पांढऱ्या पिल्लाला लोक 'तेओफिलाच्या कृपेचं' म्हणाले असते.

आणि तिला हवं होतं ते निराळंच. कार्निव्हलच्या दिवशी सगळ्या वस्तीच्या कळपांतून एक तरणी मादी आणि एक तरणा नर निवडून त्यांचं लग्न लावतात, म्हणजे सगळ्यांच्याच कळपांना डोंगर बरकत देतो. नवरी ज्या घरची, त्या घराला वर्षभर मान. चघळायला कोकाची पानं आधी त्यांना, बैठकीत जागा आधी त्यांना. नवरी निवडायचं काम मेल्चोराबाईचं, आणि लागोपाठ किती कार्निव्हल झाले, नवरी आपली ओढ्यापलीकडून. दोन सुना, एक सासू, आणि बोट नेहमी एकीकडेच. नासारिया त्या दिवशी सगळ्यांबरोबर नाचायची, फुलं उधळायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

तेव्हा तिने जे केलं ते सरळ चोरीच होतं, दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. एका रविवारी तेओफिला आणि तिचा नवरा खाली बाजाराला गेले. नासारियाने आपली सगळ्यात धडधाकट तपकिरी मादी चुंपी ओढ्यापार नेली, कुंपणाचे दोन दगड काढले, तिला गुडघ्यांवर बसवली आणि मान धरून ठेवली. रुंतूला आमंत्रण द्यावं लागलं नाही. पण अल्पाकाचा नर अशा वेळी गुपचूप राहत नाही. घशात पाणी खुळखुळवावं तसा तो सारखा गात असतो, आणि त्याला घाईही नसते. ओढ्याच्या वरच्या अंगाला सासूचं घर. नासारियाने घाबरून, त्याचा आवाज झाकायला, मोठ्याने गाणं सुरू केलं. ती घरी परतत होती तेव्हा सासू आपल्या दारात उभी होती. सण संपून गेला तरी गाणी कसली, असं तिने विचारलं. पाय गार पडले होते, नासारिया म्हणाली.

काही आठवड्यांनी तिने पाउकारला चुंपीजवळ नेला. चुंपीने कान मागे टाकले आणि भरलं तोंड त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत थुंकली. पोटुशी मादी नराला अशीच हाकलते. पाउकार डोळे मिचकावत उभा राहिला आणि नासारियाने त्याचं ओलं तोंड धरून मुका घेतला.

पिल्लू झालं ते पुढच्या पावसाळ्यात, सकाळच्या उन्हात. मादी, आणि डोंगराच्या माथ्यावरच्या बर्फासारखी पांढरी. नासारियाने तिचं नाव फाल्चा ठेवलं, कार्निव्हलला उधळतात त्या फुलाचं. गुमेर्सिंदो तपकिरी आईकडे बघे, तपकिरी पाउकारकडे बघे, आणि डोकं खाजवे. तेओफिला उकडलेले बटाटे घेऊन बघायला आली. पिल्लाच्या तोंडाकडे तिने जरा वेळ पाहिलं.

"आमच्या पाउकारची," नासारियाने न विचारताच सांगितलं.

"सुंदर आहे," तेओफिला म्हणाली, आणि बटाटे ठेवून गेली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं नासारियाचं वर्ष गेलं. फाल्चाला ती गारांत शालीखाली घ्यायची, तिच्या लोकरीतली काडी न् काडी वेचायची. ओढ्यावर नेताना मुद्दाम तेओफिलाच्या दारावरून न्यायची. तेओफिलाचं तोंड एकदा तरी आंबट व्हावं, एवढीच तिची इच्छा होती. पण ती बया दारातून हात करायची, "किती वाढली हो!" जळवायचं तर समोरच्यात जळण्यासारखं काही असावं लागतं, ते तिच्यात नव्हतंच. याचाही नासारियाला हेवा वाटला.

मग तो कार्निव्हल आला. वस्ती सासूच्या मोठ्या कुंपणात जमली. ढोल, बासरी, माठांतून चिचा. मेल्चोराबाईला आता डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, ती बोटांनी निवडायची. एकेका मादीच्या लोकरीत हात खुपसत ती पुढे सरकत होती. फाल्चापाशी आली आणि थांबली. हात काढला, पुन्हा घातला.

"ही," ती म्हणाली. "ही कुणाची?"

"माझी, आई," नासारिया म्हणाली. एवढ्या वर्षांचं पोटातलं दुखणं त्या एका शब्दात विरून गेलं. बायकांनी तिच्या टोपीवर फुलं टाकली. ती सगळ्यांकडे बघून हसली, तेओफिलाकडेही.

सासू नरांकडे वळली, आणि तेव्हा कुठे नासारियाच्या डोक्यात प्रकाश पडला. नवरीचा विचार करता करता नवरदेव कुठून येणार हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तुक्सापातात देखणा तरणा नर म्हणजे रुंतूचा पोरगा, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सासूच्या बोटांना तर कळलंच. तिने तेओफिलाच्या पांढऱ्या नराचा कान धरून त्याला पुढे ओढला.

एका बापाच्या पोरांचं लग्न लावायचं नसतं. डोंगर तोंड फिरवतो, आणि मग त्या वर्षीची पिल्लं जन्मतात पण उठून उभी राहत नाहीत. नासारियाच्या आजीने असं एक वर्ष पाहिलं होतं. म्हणून तर लग्नाआधी दोघांचे आईबाप कोण ते सगळ्यांसमोर विचारतात.

नवरदेवाचा बाप रुंतू, तेओफिलाने सांगितलं. मेल्चोराबाईने चिचेचे चार थेंब जमिनीवर सांडले आणि मान इकडे वळवली.

"आई चुंपी," नासारिया म्हणाली.

"आणि बाप?"

पाउकार कोपऱ्यात बसून रवंथ करत होता. सगळी वस्ती त्याच्याकडे बघू लागली.

"पाउकार."

"म्हातारपणी गड्याला बर्फाची स्वप्नं पडली म्हणायची," म्हातारा निकानोर पुटपुटला आणि दोघंतिघं खोकल्यासारखं हसले. सासू हसली नाही. तिने लाल लोकरीचा दोर उचलला. एक टोक नवरीच्या गळ्यात बांधायचं, दुसरं नवरदेवाच्या. कुंपणाबाहेर वस्तीभरची नवी पिल्लं आयांच्या पोटाखाली धडपडत होती, त्यांतली दोन तर कालचीच. नासारिया त्यांच्याकडे बघत राहिली. बोलावं तर सगळं जातं, न बोलावं तर ही पिल्लं जातात. दोर फाल्चाच्या मानेला टेकला.

"आई, थांबा," ती म्हणाली.

"हो आई, थांबा," तेओफिला तिच्याहून मोठ्याने म्हणाली. तिला मोठ्याने बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. "माझा नवरदेव लंगडतोय. सकाळी ओढ्यात पाय मुरगळला त्याचा, मी लपवलं. मानाची हाव, दुसरं काय. दुसऱ्या कुणाचा नर घ्या."

लोक च् च् करू लागले. लंगडा नवरदेव पुढे करतात होय, असं निकानोरने तोंडावर सुनावलं. तेओफिलाने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि नराला घेऊन निघाली. चारही पायांवर तो ठणठणीत चालत गेला, पण बघणारी एकटी नासारियाच होती. मग निकानोरचाच भुरा नर आणला, आणि फाल्चाचं लग्न लागलं.

नवरीच्या घरचा पहिला पेला नासारियाचा. तो घेऊन आली तेओफिला.

"तुला माहीत होतं," नासारिया हळूच म्हणाली.

"तिचं तोंड बघा ना जाऊबाई, रुंतूच आहे. पहिल्या दिवशीच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? मी दिलेलं तुम्ही घेत नाही. म्हटलं, चोरून तरी घेतलंत."

तिने पेला पुढे केला. लग्नातला पेला नाकारता येत नाही. नासारियाने तो दोन्ही हातांनी घेतला आणि सगळ्यांच्या देखत तळापर्यंत प्याली. बायका म्हणाल्या, आनंदाने रडतेय हो.