खोटं रडायला गेले होते

काल हिंजवडीच्या ऑफिसात कुणीतरी व्हाइटबोर्डचा नवा मार्कर उघडला आणि त्या वासासरशी मी थेट कॉलेजच्या दिवसांत पोचले! असाच मार्करचा वास भरलेल्या शनिवार पेठेतल्या हॉलमध्ये फायर ब्रिगेडच्या लोकांचं ट्रेनिंग होतं, दुर्घटनेत हादरलेल्या माणसाला धीर कसा द्यायचा याचं, आणि आम्ही सायकॉलॉजीच्या मुली तिथे खोटं खोटं रडायला गेलो होतो. माझा भाऊ ढिगाऱ्याखाली अडकलाय, असं ठरलेलं. मी जोरात ओरडले, "काका, त्याला काढा ना!" समोरचे मिशीवाले काका माझ्याशेजारी खाली बसले, पाणी दिलं, म्हणाले, "मी इथंच आहे, बाळा." एकदम परफेक्ट! टाळ्या पडल्या, मागून कुणीतरी म्हणालं, "तात्या, आता नाटकात जा!" पण काका उठेचनात. हळूच म्हणाले, "एकदा वाडा पडला होता, तिथली खरी पोरगी अश्शीच ओरडत होती हो. मी तिला म्हटलं, बाजूला हो, काम करू दे." शिकवणारे सर घड्याळ बघत म्हणाले, "छान अनुभव सांगितलात. चला, चहा गार होतोय." आणि धीर द्यायला शिकलेला अख्खा हॉल चहाला गेला, मीसुद्धा. आता वाटतं, बोलायला काहीच सुचलं नसतं, तरी त्यांच्याजवळ नुसतं बसायला हवं होतं यार.