गोळ्या माझ्या, कऱ्हाही माझाच

पीसीओडीमुळे मी गर्भनिरोधक गोळ्या घेते. कपाटात पाकीट सापडलं तेव्हा आत्या कडाडली होती, "लग्नाआधी पोरीला असल्या गोळ्या? उद्या सोयरीक कोन आनील?" बाबा पेपरात तोंड घालून बसले. बायकांच्या हक्कांची पत्रकं छापणारे माझे बाबा. ती वाटायला मी शाळेत असल्यापासून बेलापूरच्या बाजारात उभी राहिलेय.

गेल्या हिवाळ्यात कबड्डीचे सामने नेमके पाळीच्या तारखांवर आले. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुझ्या गोळ्यांत मधला गॅप न घेता दुसरं पाकीट लगेच सुरू कर, पाळी पुढं जाईल. तसं केलं. कोल्हारच्या मैदानावर मनसोक्त खेळले, हरले, गुडघा फोडून घेतला आणि खुशीत घरी आले. तारीख मी हलवली होती, माझ्यासाठी.

मग दादाचं लग्न ठरलं. मी एकुलती एक बहीण, म्हणजे करवली मीच. नवरदेवामागं कऱ्हा आणि त्यावरचा दिवा घेऊन उभं राहायचं. लहानपणापासून मला ते हवं होतं. आत्यानं बोटांवर तारखा मोजल्या आणि आवाज मऊ केला.

"तुज्या त्या गोळ्या हायेत ना गं? मग दे की ढकलून पुढं."

"आणि सोयरीक कोण आणील, आत्या?"

"तोंड लई चालतं तुजं!"

गोळ्या त्याच. माझ्या तब्येतीसाठी घेतल्या तेव्हा लाज, आणि देवाधर्मासाठी घेतल्या की शहाणपण? मी नेहमीसारखा गॅप घेतला.

लग्नाच्या सकाळी पाळी आली. बोलले नसते तर कुणाला कळलंही नसतं. पण चोरून कऱ्हा धरणं म्हणजे विटाळ खरा मानणं. मी आत्याला सरळ सांगितलं. तिनं कऱ्हा उचलून मामेबहिणीच्या हातात दिला.

बाबा हळूच म्हणाले, "आजच्या दिवस राहू दे. पाहुणे आहेत."

"बाबा, 'पाहुणे नसताना' असं आपल्या पत्रकात कुठं छापलं होतं?"

ते उगाच फेटा सारखा करत राहिले. मी मामेबहिणीपुढं हात केले.

"घे बाई," ती म्हणाली, "माझे हात भरून आलेत."

मंगलाष्टका सुरू झाल्या. कार्यालयातल्या मोठ्या पंख्याच्या वाऱ्यानं दिवा फडफडायला लागला. माझे दोन्ही हात कऱ्ह्यात अडकलेले. पुटपुटत आत्या आली आणि दिव्याला पदराचा आडोसा करून उभी राहिली.

"इझला तर बघ. अन् शिवू नको मला."

"तूच जवळ आलीस, आत्या."

ती हलली नाही. शेवटची अक्षता पडेपर्यंत पदर तसाच धरून होती.