जयवंता मेकॅनिकचे हात

पेठ गावात बातमी अशी पसरली, की जयवंता मेकॅनिकच्या रक्तात पेट्रोल निघालं. चहाच्या टपरीवर एकानं तर त्याचं ॲव्हरेजसुद्धा काढलं. खरी गोष्ट एवढीच, की चौदा एप्रिलच्या जयंतीला शिबिरात दरवर्षी पहिल्या नंबरला रक्त देणाऱ्या जयवंताला यंदा "हिमोग्लोबिन फार कमी आहे" म्हणून परत पाठवलं. एकवीस वेळा रक्त दिलेला गडी, तोंड एवढंसं करून घरी आला.

मग काय, आळीभर डॉक्टर उगवले. कुणी बीट आणलं, कुणी खजूर. संपतभाऊ म्हणजे जयवंताचं जुनं गिऱ्हाईक आणि गावचा पहिल्या प्रतीचा टवाळ. तो म्हणाला, "वहिनी जेवाया घालत न्हाई का राव?" प्रतिभावहिनींच्या कानावर हे गेलं मात्र, त्यांनी दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला एसटीत बसवून मंचरच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या वृषाली डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं. तांबड्या पेशी कमी, पांढऱ्या कमी, प्लेटलेटही कमी.

"काम काय करता?"

"गॅरेज हाय हायवेला. पंचवीस वर्सं झाली."

"काम झाल्यावर हात कशानं धुता?"

"पेट्रोलनं. समदेच धुत्यात. साबनानं ग्रीस हालत न्हाई."

वहिनींना राहवेना. "आन टाकीतलं पेट्रोल नळी लावून तोंडानं ओढत्यात, ते सांगा की!"

डॉक्टर हसल्या नाहीत. पेट्रोलमध्ये बेंझिन असतं, त्या म्हणाल्या. ते वासातून, कातडीतून अंगात जातं आणि हाडातल्या मगजाला, म्हणजे रक्त जिथं तयार होतं त्या जागेलाच बाधतं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर रक्ताच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पुण्याला जाऊन मगज तपासावा लागेल.

पुण्यात मगज काढायला कमरेच्या हाडात सुई घातली, ती जयवंतानं हसत सोसली. पण रिपोर्ट येईपर्यंतचे दहा दिवस त्यानं गॅरेजचं शटर उघडलं नाही. पायरीवर बसून नुसते आपले हात बघायचा. नखांत काळं, रेषांत काळं. या हातांनी घर उभं केलं, आणि यांनीच घात केला की काय?

अकराव्या दिवशी रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाल्या, "पण पेट्रोलशी ही सलगी आता बंद."

बिनपेट्रोलचा मेकॅनिक? संपतभाऊनं चार दिवस तोच विषय पुरवला. पण वहिनींनी स्वयंपाकघरातला उपाय काढला. आधी हाताला खोबरेल चोळायचं, म्हणजे ग्रीस सुटतं. मग भांड्याची पावडर आणि लाकडाचा भुसा लावून खसाखसा घासायचं. पार्ट धुवायला पाण्यात मिसळायचं औषध आलं, टाकी रिकामी करायला हातपंप आला, आणि हातमोजे तर आलेच. "मेकॅनिक हायस का ऑपरेशन करतुयास?" लोक विचारत. जयवंता मान वर न करता नट आवळत राही.

सहा महिन्यांनी पेशी वाढल्या. वर्षानं तिन्ही आकडे जागेवर आले. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि टेबलावरून हात पुढे करून त्याच्याशी शेकहँड केला. आता दर सहा महिन्यांनी तपासणी, बाकी आनंद.

तिथून आल्यापासून गड्याच्या अंगात वारंच शिरलं. गॅरेजबाहेर त्यानं बेसिन बसवलं, शेजारी भुशाचा डबा ठेवला. हायवेच्या कडेच्या नऊ मेकॅनिकांना टेम्पोत कोंबून मंचरला रक्त तपासायला नेलं. त्यातल्या ऋतिकच्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या निघाल्या. तोही वेळेत सावध झाला. आता पेठ गावात पेट्रोलनं हात धुताना कुणी दिसला तर बाकीचे सगळे त्याच्या अंगावर ओरडतात.

परवा संपतभाऊ सर्व्हिसिंगला गाडी घेऊन आला. टेम्पो पुन्हा मंचरला निघालेला बघून त्याला सुरसुरी आली. "जयवंता, मानसं काय गाड्या हायेत व्हय, चांगली चालती फिरती तपासाया न्यायला?"

जयवंतानं हातमोजे काढले आणि म्हणाला, "संपतभाऊ, गाडी बंद पडायच्या आदी सर्व्हिसिंगला आनता. सोताला कदी आनलं व्हतं? बसा टेम्पोत."