मोंटानातला एल्क

परवा इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या घरी लेक फिजिक्सचा होमवर्क करत होती. "बाबा, व्हेलॉसिटी डबल केली की एनर्जी फोर टाइम्स होते, राइट?"

"राइट," म्हणालो, आणि हातातला चहा तसाच राहिला.

वीस वर्षांपूर्वी मोंटानात शिकारीला गेलो होतो, तेव्हा मी हेच वॉल्टरना ऐकवलं होतं. ते माझ्या ऑफिसातल्या मित्राचे वडील, जुने शिकारी. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. त्यासाठी त्यांनी स्वतःची जड गोळीची रायफल पुढे केली. मी नको म्हणालो. माझी गोळी बारीक असली तरी वेग किती आहे, हे त्यांना टिश्यू पेपरवर गणित मांडून दाखवलं. "इंजिनिअर आहेस," एवढंच ते म्हणाले.

सकाळी बर्फात पाइनचा ओला वास होता. नेम अचूक लागला. एल्क गुडघ्यावर आला, उठला आणि तीन पायांवर लंगडत झाडीत शिरला. वॉल्टरनी बर्फातून हाडाची कपची उचलली. गोळी खांद्याच्या हाडावरच फुटली होती, आत पोचलीच नव्हती. रक्ताच्या थेंबांमागे आम्ही दुपारभर चालत राहिलो. मग नवा बर्फ पडू लागला आणि थेंब दिसेनासे झाले.

लेकीनं उत्तराखाली रेघ मारून वही मिटली. गणित तेव्हाही बरोबरच होतं. पण त्या जड गोळीच्या रायफलचा खांद्याला बसणारा दणका मला सोसवत नव्हता, आणि ते सांगायची लाज वाटली होती.