चौथ्या चाकाची रांगोळी

आमची जुनी गाडी घरी आली तेव्हा तिचा ब्रेक असा कडक होता की दाबताना माझ्या पोटरीत गोळा यायचा. मी नुकती शिकत होते. म्हणून दिवाळीच्या तोंडावर तो मऊ लागायला लागला तेव्हा मी हरखूनच गेले. बाप्पा, जमली की मले गाडी! सासूबाईंना सांगितलं. त्या सानगडीच्या घरात जन्मभर बैलांशी बोललेल्या बाई. म्हणाल्या, "हाव वं, नवा गोऱ्हा असाच अडते. रोज जुपला का नरम येते." त्या आनंदात आम्ही दोघींनी चहा घेतला. ब्रेक नरम येणं ही वाईट बातमी असते, हे आमच्या गावीही नव्हतं.

मला माहेरी, करडीच्या मंडईला जायचं होतं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, लेकीबाळी माहेरी येतात, रातभर नाटक बघतात आणि दुसऱ्या दिवशी डोळे चोळत फिरतात. दरवर्षी मी यष्टीनं जायची आणि आई थांब्यावर उभी असायची. यंदा मी स्वतः गाडी चालवत जाणार होते. आईला नुसतं "येतो" म्हणून कळवलं होतं, कशानं ते सांगितलं नव्हतं. पुढच्या सीटवर सासूबाई बसणार, हे त्यांनीच ठरवून टाकलं होतं.

आणि भाऊबीजेला गल्लीत वळताना ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला! दुसऱ्यांदा दाबला तेव्हा कुठे धरला, तोवर गाडीचं नाक शेजाऱ्यांच्या तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात. आमचे हे धावत आले. त्यांनी दोनतीनदा दाबून पाहिला, त्यांच्या पायाखाली धरला मेला. तणीस झाडता झाडता हसायला लागले. "ब्रेक बराबर आहे, तुहा पाय नरम आहे. मंडईले यष्टीनं जा." असा संताप आला! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

दिवाळीभर सासूबाई गाडीच्या चारही चाकांपाशी रांगोळी काढत होत्या. लक्ष्मीच ती. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन रांगोळ्या जशाच्या तशा आणि मागच्या डाव्या चाकाची भिजून लगदा. "कुत्र्यानं मुतलं माह्या रांगोळीवर!" असं म्हणत त्यांनी दारातल्या कुत्र्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, त्याला बांधून टाकलं आणि नवी रांगोळी घातली. दुपारी पाहिलं तर तीही ओली. कुत्रं बिचारं खुंट्यापाशी घोरत होतं.

मी बोट लावून पाहिलं. पाणी नव्हतं, बुळबुळीत होतं. इंजिनाचं ऑइल म्हणावं तर काळं नव्हतं. वाकून टॉर्च मारला तर टायरच्या आतल्या अंगाला ओला ओघळ. बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलची छोटी टाकी खुणेच्या बरीच खाली. मग गाडी सुरू केली आणि ब्रेक दाबून तसाच धरून ठेवला. पॅडल हळूहळू, लाजत लाजत खाली गेलं. मला तर उड्याच माराव्याशा वाटल्या.

"अहो, या इकडे! माह्या पायातून तेल गळते काय, पाहा!"

यांनी चाक पाहिलं, रांगोळी पाहिली, "माय वं" म्हणाले आणि गाडीच्या मिस्त्रीला फोन लावला.

मिस्त्रीनं चाक खोललं. आतल्या ब्रेकच्या सिलिंडरचं रबर फाटलं होतं, तिथून ऑइल गळत होतं आणि हवा आत शिरत होती. वरून नुसतं ऑइल ओतून भागलं नसतं, पुन्हा गळलंच असतं. त्यानं नवा सिलिंडर बसवला. आता ऑइलच्या नळीत शिरलेली हवा काढायला कोणीतरी ब्रेक दाबायला पाहिजे होतं. हे पुढे झाले, तर सासूबाईंनी यांना बाजूला सारलं. "सरक. पायानं भात कांडायची ढेकी चालवली मी. तुहा पाय राहू दे."

चाकाखालून मिस्त्री ओरडे, "दाबा काकू! धरा! सोडा!" धरा म्हटलं की सासूबाई पायासंगं श्वासही धरत, गाल फुगवून. मी हसून हसून अंगणातच बसले. आधी बुडबुडे आले, मग निव्वळ ऑइल, आणि पॅडल दगडासारखं टणक झालं.

"गोऱ्हा पुन्हा अडला," सासूबाई म्हणाल्या. "बेस झालं!"

शेताच्या रिकाम्या रस्त्यावर मी पुन्हा पुन्हा ब्रेक मारून पाहिला, सासूबाई दरवेळी "हाव!" म्हणायच्या. मग मंडईच्या दिवशी आम्ही दोघी निघालो. करडीच्या थांब्यावर आई उभी होती, कपाळावर हात धरून रस्त्याकडे बघत. मी ब्रेक दाबला. गाडी बरोब्बर तिच्यासमोर थांबली.

आईनं आत पाहिलंच नाही. बॉनेटवर थाप मारली.

"गाडी आणखी समोर घे ना बाप्पा! माही पोरगी येऊन राहिली यष्टीनं, मले रस्ता दिसू दे."

सासूबाई पदरात तोंड खुपसून हसायला लागल्या. मी काच खाली केली, "आई" म्हणायला तोंड उघडलं, पण हसू येतंय की रडू तेच कळेना. पाय तेवढा ब्रेकवर घट्ट दाबून धरला होता.